'अनिमे' हे नाव कोणी ठेवलं?

जपानी शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी "का शिकायचंय?" असं विचारणं मी बंद केलं आहे. उत्तर ठरलेलं असतं. मी संध्याकाळचे वर्ग घ्यायला लागले तेव्हा कारणं निराळी होती. चाकणला नोकरी लागेल, कंपनी जपानला पाठवेल, किंवा मग बाबांनीच परस्पर फॉर्म भरून टाकलेला असायचा. आता निम्म्याहून जास्त पोरं अनिमेमुळे, म्हणजे जपानी हलत्या चित्रांच्या मालिकांमुळे येतात. येताना 'सुगोई', 'नानी', 'ओमाए' असे शब्द घेऊनच येतात. त्यातला 'ओमाए' म्हणजे 'तू', पण 'काय रे ए' ह्या थाटातला. तो मी आधी काढून घेते. चाकणच्या कारखान्यात जपानी साहेबाला कोणी 'ओमाए' म्हणालं तर पुढचं काही मला शिकवावं लागणार नाही.

शब्दांबरोबर ही पोरं एक व्याख्यासुद्धा घेऊन येतात. "मॅडम, जपानी असेल तर अनिमे. बाकीचं सगळं कार्टून." कोणी त्यात मोठ्या डोळ्यांची भर घालतं, कोणी म्हणतं गोष्ट गंभीर पाहिजे, कोणी म्हणतं माणसं मरायला पाहिजेत. चुकून तुम्ही त्यांच्या आवडत्या मालिकेला 'कार्टून' म्हणालात, तर किराणा घराण्याच्या गवयाला 'छान गाणीबिणी म्हणता हो' म्हटल्यावर त्याचं जे होईल तेच ह्यांचं होतं.

गंमत अशी, की ज्या देशाचं म्हणून हे सगळं चाललंय त्या देशात ही व्याख्या कोणाला फारशी माहीत नाही.

दिवसा मी दुभाषी म्हणून एका कारखान्यात असते. तिथे सल्लागार म्हणून येणारे एक वयस्कर जपानी इंजिनिअर आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारलं, अनिमे म्हटलं की काय आठवतं? त्यांनी आधी 'साझाए-सान'चं नाव घेतलं. ही एका कुटुंबाची घरगुती गोष्ट. सासर-माहेर एकाच छपराखाली, दोन वात्रट भावंडं आणि एक मांजर. ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. ती संपली की उद्या ऑफिस आहे ह्या जाणिवेने पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्याला जपानीत 'साझाए-सान सिंड्रोम' असंच म्हणतात. त्यात ना तलवारी, ना राक्षस, ना मोठे डोळे. पुढचं नाव त्यांनी घेतलं ते 'टॉम अँड जेरी'चं. मी म्हटलं, ते तर अमेरिकन. ते म्हणाले, हो, अमेरिकन अनिमे. त्यांना माझ्या प्रश्नात काही प्रश्न आहे असंच वाटलं नाही. जपानीत अनिमे म्हणजे काढलेली चित्रं हलताना दाखवणं. मग ती डिस्नेने काढलेली असोत, रशियन असोत किंवा दाताच्या पेस्टच्या जाहिरातीतली.

मग डबा बंद करता करता ते म्हणाले, "पण आमच्या लहानपणी हा शब्द नव्हता. आम्ही 'तेरेबी मांगा' म्हणायचो." म्हणजे टीव्हीवरचं चित्रांचं पुस्तक.

हा माणूस १९६३ साली शाळेत होता. ज्या मालिकेपासून टीव्हीवरच्या अनिमेचा इतिहास मोजतात ती त्याने ताजी ताजी पाहिली, आणि तेव्हा तिला कोणी अनिमे म्हणत नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. मग नाव ठेवलं कोणी?

शब्दाची फोड सोपी आहे. इंग्रजी 'ॲनिमेशन' जपानी तोंडात गेल्यावर 'अनिमेएशोन्' होतो. जपानी लोक शब्द ठोक्यांत मोजतात. अ-नि-मे-ए-शो-न्, सहा ठोके. इतका लांब परका शब्द रोज कोण वापरणार? पहिले तीन ठेवले, बाकीचे टाकले. हा उद्योग ते सर्रास करतात. टेलिव्हिजनचं 'तेरेबी', डिपार्टमेंट स्टोअरचं 'देपातो', पर्सनल कॉम्प्युटरचं 'पासोकोन', रिमोट कंट्रोलचं 'रिमोकोन'. शिवणयंत्राचं तर 'सोइंग' गळून नुसतं 'मिशिन' राहिलं. माझी आजी शिलाई यंत्राला मिशिनच म्हणायची, त्यामुळे हा शब्द मला पाठ करावा लागला नाही.

आपण मराठी माणसं शब्द तोडताना आद्याक्षरं काढतो. पुलं, गदिमा, अप्पा बळवंत चौकाचा 'एबीसी'. जपानी माणूस शेपूट कापतो. उच्चारही त्यामुळे ठरून जातो. जपानीत 'ॲ' हा स्वर नाही, तेव्हा 'ॲनिमे' नाही आणि 'ॲनिम' तर मुळीच नाही. अ-नि-मे, तिन्ही अक्षरं सारख्या लांबीची, आवाज पहिल्या 'अ'वर वर आणि मग खाली. देवनागरीत लिहिलं की आपोआप बरोबर येतं. रोमन लिपीतून वाचणाऱ्यांची पंचाईत होते.

हा शब्द फ्रेंचमधून आला असंही ठामपणे सांगितलं जातं, कारण फ्रेंचमध्ये हलत्या चित्रांना 'देसँ अनिमे' म्हणतात आणि त्यातला 'अनिमे' कानाला हुबेहूब लागतो. जपानी शब्दकोशांत मात्र तो 'अनिमेएशोन्'चं तोडलेलं रूप म्हणूनच दिलेला असतो, आणि वरच्या तेरेबी-देपातोच्या रांगेत तो इतका चपखल बसतो की त्याला पॅरिसला पाठवायची गरज नाही. दोन्ही शब्दांचं आजोळ मात्र एकच. लॅटिन 'अनिमा' म्हणजे श्वास, जीव. आणि तिथून आणखी मागे गेलं की आपल्या अंगणात येऊन पोचतो. संस्कृतातला 'अन्' हा धातू, श्वास घेणे, लॅटिन अनिमाचा सख्खा नातलग. प्र-अन म्हणजे प्राण. अपान, व्यान, उदान, समान, सगळ्या वायूंच्या पोटात तोच 'अन्' आहे, आणि अनिलातही. हे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं मोबाइल खाली ठेवतात, जे क्रियापदाची रूपं शिकवताना कधीच होत नाही. (एका मुलीच्या आजीला मात्र बराच काळ वाटत होतं की नात रात्र रात्र जागून एनिमाबद्दल काहीतरी बघते.)

हे झालं शब्दाचं कूळ. पण कूळ कळलं म्हणून बारसं कोणी केलं ते कळत नाही. हलत्या चित्रांना जपानने शंभर वर्षांत चार-पाच नावं दिली, आणि त्या नावांच्या मागे हात धुऊन लागल्यावर माझं एक मत झालंय. नाव कोणी ठेवलं हे शोधायचं असेल, तर आधी पैसे कोणी दिले ते बघावं.

सगळ्यात पहिलं नाव 'देकोबो शिनगाचो'. 'देकोबो' म्हणजे मोठ्या कपाळाचा वांड पोरगा. देकोबोची नवी चित्रवही. १९१०च्या दशकात परदेशी मूकपटांबरोबर हलत्या चित्रांच्या छोट्या फिती जपानात यायच्या, एमिल कोल ह्या फ्रेंच माणसाच्या वगैरे, आणि थिएटरवाले त्या ह्या नावाखाली दाखवत. माल आयात केलेला, नाव तिकीट खपवण्यासाठी ठेवलेलं. ह्याच कोलने १९०८ साली आगकाड्या हलवून एक फीत केली होती, आणि साधारण १९१५ साली आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही 'आगकाड्यांची मौज' केली. म्हणजे जपान्यांच्या पहिल्या स्वदेशी फितीच्याही आधी. हे मी जपानी पाहुण्यांना आवर्जून सांगते. ते नम्रपणे "असं का!" म्हणतात आणि चहा पितात.

जपानी माणसांनी स्वतः हलती चित्रं केली ती १९१७ साली, तिघांनी जवळपास एकाच वेळी. शिमोकावा ओतेन, कोउची जुन-इची आणि कितायामा सेइतारो. (आडनाव आधी लिहिण्याची जपानी पद्धत मी इथे पाळते आहे.) कोउचींची 'नामाकुरा गाताना', म्हणजे बोथट तलवार, हरवली असंच सगळे धरून चालले होते. ती २००७ साली ओसाकात जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडली. जेमतेम चार मिनिटांची गोष्ट: एक बावळट सामुराई दुकानदाराकडून फसून बोथट तलवार घेतो आणि ती चालवून बघायला जातो तर स्वतःच मार खातो. आपल्या जुन्या बाजारात रविवारी हिंडताना तेव्हापासून माझं लक्ष गंजक्या डब्यांकडे जातं.

तिघांतला कितायामा मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. त्याला लवकर कळलं की हसवून पोट भरणार नाही, सरकारी कामं धरली पाहिजेत. १९१७ सालीच त्याने पोस्टाच्या बचतीचा प्रचार करणारी फीत केली. मग शाळांसाठी, खात्यांसाठी माहितीच्या फिती. ह्या कामाला म्हणत 'सेनगा', रेषाचित्र. नाव बघा, किती कोरडं! यंत्र कसं चालतं, जंतू कसे पसरतात हे रेषांनी समजावून सांगायचं, म्हणून रेषाचित्र. पैसे देणारं खातं असेल तर नावालाही खात्याचाच वास येणार. १९२३च्या भूकंपात तोक्योतला त्याचा स्टुडिओ गेला आणि तो ओसाकाकडे निघून गेला.

पुढे 'मांगा एइगा' रूढ झालं. एइगा म्हणजे सिनेमा. मांगा-सिनेमा. ह्या नावाच्या काळातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता जपानी आरमार.

इथे मला जरा थांबायचं आहे. सेओ मित्सुयो ह्यांचा 'मोमोतारो: उमी नो शिनपेइ' हा चौऱ्याहत्तर मिनिटांचा चित्रपट आरमाराच्या पैशाने झाला आणि १२ एप्रिल १९४५ला लागला, जपान शरण जायच्या चार महिने आधी. मोमोतारो म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेला लोककथेतला मुलगा. इथे तो सेनापती, आणि त्याचे कुत्रा-माकड-अस्वल हे सैनिक. दक्षिणेतल्या एका बेटावर ते विमानतळ बांधतात आणि तिथल्या जंगली प्राण्यांसाठी शाळा काढतात. शाळेत प्राणी ऐकत नाहीत, गोंधळ घालतात. मग एक जण हार्मोनिका वाजवायला लागतो, आणि सगळे मिळून 'आ इ उ ए ओ' गायला लागतात. बाराखडीचं गाणं.

जपानीची शिक्षिका म्हणून सांगते, हा प्रसंग इतका सुरेख बांधलाय की पहिल्यांदा बघताना मी गुणगुणायला लागले होते. आणि मग लक्षात येतं की जिंकलेल्या बेटावरच्या लोकांना जेत्याची भाषा कशी गोडीगुलाबीने शिकवावी ह्याचा हा नमुना आहे. त्यात ती 'आ इ उ ए ओ' ही मांडणी मुळात आपल्याकडची. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं वर्णज्ञान जपानला गेलं, त्यावरून त्यांनी आपली अक्षरं लावली. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या क-च-त-प-य ह्या क्रमाशेजारी ठेवून बघा. 'स'ची ओळ च-वर्गाच्या जागी आहे आणि 'ह'ची प-वर्गाच्या. पाणिनीच्या परंपरेतलं वर्णज्ञान चीनमार्गे जपानला जातं आणि तिथून आरमाराच्या खर्चाने दक्षिणेच्या जंगलात माकडांना शिकवलं जातं! कुठल्या वस्तूचा पुढे काय उपयोग होईल ते कोणाच्या हातात नसतं.

बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या ओसाकात, शोचिकु-झा थिएटरात तो चित्रपट एका सोळा वर्षांच्या मुलाने बघितला आणि ठरवलं की आपणही आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी करायचं. तो तेझुका ओसामु. त्याच्याकडे येतेच, पण मध्ये एक नाव राहिलंय.

ते 'दोगा'. हलतं चित्र. मासाओका केन्झो ह्या उत्तम चित्रकर्त्याने ते सुचवलं. 'मांगा' म्हटलं की लोकांना खिदळणं आठवतं, रेषाचित्र म्हटलं की शाळा. कलेला साजेसं नाव हवं, असा त्यांचा विचार. त्यांचा 'कोळी आणि ट्यूलिप' १९४३चा, भर युद्धात युद्धाचा लवलेश नसलेला. नाव उचललं ते तोएइ ह्या बड्या चित्रपट कंपनीने. १९५६ साली त्यांनी 'तोएइ दोगा' स्थापन केली, पूर्वेकडचं डिस्ने व्हायचं म्हणून. दोनच वर्षांत 'हाकुजादेन' आला, पांढऱ्या सापिणीची चिनी लोककथा, रंगीत आणि पूर्ण लांबीची. आज 'दोगा' शब्दाचं काय झालंय ते बघण्यासारखं आहे. स्टुडिओत मुख्य चित्रांना 'गेनगा' म्हणतात आणि दोन मुख्य चित्रांमधली भरायची चित्रं म्हणजे 'दोगा', सगळ्यात कनिष्ठ कामगाराचं काम. आणि स्टुडिओबाहेर 'दोगा' म्हणजे यूट्यूबवरचा कुठलाही व्हिडिओ, मांजराचा, पाककृतीचा. तोएइनेसुद्धा १९९८ साली नावातून 'दोगा' काढून 'ॲनिमेशन' घातलं.

आता तेझुका. १ जानेवारी १९६३, मंगळवार संध्याकाळ, फुजी टीव्हीवर 'तेत्सुवान आतोमु', आतोमु नावाच्या यंत्रमानव पोराची गोष्ट. आठवड्याला एक भाग, अर्ध्या तासाचा. तोवर जपानमध्ये असलं काही कोणी दर आठवड्याला करून दाखवलं नव्हतं, कारण ते शक्यच नाही हे सगळ्यांना माहीत होतं. साधा हिशेब करा. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे मिनिटाला चौदाशे चाळीस. तेझुकांनी एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवलं, मिनिटाला चारशे ऐंशी झाली. तेवढ्यानेही भागेना. मग माणूस बोलतोय तेव्हा फक्त तोंड हलवायचं, बाकी चेहरा तोच. ह्याला म्हणतात 'कुची-पाकु'. कुची म्हणजे तोंड, पाकु हा तोंड उघडण्या-मिटण्याचा आवाज. पॅकमॅनमधला पॅकही तोच. कधी अख्खं चित्र स्थिर ठेवून नुसता कॅमेरा सरकवायचा. आतोमु उडतानाची चित्रं जपून ठेवायची आणि दर भागात पुन्हा वापरायची. ह्या साठ्याला ते 'बँक' म्हणायचे.

एवढी काटकसर करूनही भाग ज्या किमतीला विकला ती खर्चाला पुरत नव्हती. भरपाई कुठून? मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या आतोमुच्या स्टिकरमधून, खेळण्यांतून, परदेशी विक्रीतून. त्याच वर्षी ती मालिका अमेरिकेत 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून गेलीसुद्धा. एकशे त्र्याण्णव भाग झाले. एकदा हे चाललं म्हटल्यावर सगळ्या वाहिन्यांना तशाच भावात तसंच हवं झालं, आणि चित्रं काढणाऱ्यांची मजुरी त्या भावाला बांधली गेली ती गेलीच. तेझुकांचा स्टुडिओ १९७३ साली दिवाळखोरीत निघाला. मला तेझुका फार आवडतात, पण ह्या एका गोष्टीबद्दल त्यांच्यावर रागावणाऱ्यांचं मला पटतं.

'ॲनिमेशन' हा लांब शब्द ह्या सुमाराला तोक्योत नव्याने मिरवत होता. १९६० साली कुरी योजी आणि आणखी दोघा चित्रकारांनी 'अनिमेएशोन् तीन जणांचा गट' काढून कलादालनाच्या थाटात छोट्या फिती दाखवायला सुरुवात केली होती. धंद्यातले लोक बोलताना त्याचं 'अनिमे' करत असतील ह्यात नवल नाही. पण घराघरांत मात्र पोरं अजून 'तेरेबी मांगा'च म्हणत होती, माझ्या इंजिनिअरसाहेबांसारखी. तोएइ सुट्ट्यांमध्ये थिएटरांत जो खेळांचा मेळा भरवायची त्याचं नावसुद्धा 'मांगा मात्सुरी', मांगा-जत्रा. पैसे आईबाप देत होते, चॉकलेटवाले देत होते. त्यांच्या लेखी ते लहान पोरांचं मांगाच होतं.

बदल झाला तो ती पोरं मोठी झाल्यावर. 'अंतराळ युद्धनौका यामातो' १९७४ला टीव्हीवर आली तेव्हा फार कोणी बघितली नाही. तिचेच भाग जोडून १९७७ला चित्रपट केला, तर कॉलेजची पोरं थिएटरबाहेर रांगा लावून उभी. स्वतःच्या खिशातल्या पैशाने तिकीट काढणारी. पुढच्या वर्षी तोकुमा शोतेन प्रकाशनाने त्यांच्यासाठी मासिकच काढलं, नाव 'अनिमेज'. १९८१च्या फेब्रुवारीत 'गुंदाम' ह्या यंत्रमानवांच्या मालिकेवरच्या चित्रपटाआधी तोक्योत शिंजुकुला तरुणांचा मेळावा झाला आणि तिथे 'अनिमेच्या नव्या शतका'ची घोषणा वाचली गेली. आता पोस्टखातं नाही, आरमार नाही, चॉकलेटवाला नाही. बघणाराच पैसे देत होता, आणि आपण जे बघतो त्याला मांगा-बिंगा म्हणून घ्यायला तो तयार नव्हता. धंद्यातला तुटका शब्द त्याने उचलला आणि छातीवर लावला.

नावाजलेले दिग्दर्शक मियाझाकी हायाओ ह्यांना हा शब्द आवडत नाही, ते जुन्या 'मांगा एइगा'शी इमान राखून आहेत. त्यांचं 'नाउशिका' हे मांगा मात्र १९८२पासून छापून यायला लागलं ते 'अनिमेज'मध्येच.

जपानबाहेर काय झालं? अमेरिकेत आधी ही चित्रं जपानी आहेत हेच लपवलं जायचं, पात्रांची नावं बदलून. १९७७ साली लॉस एंजेलिसला चाहत्यांनी पहिला क्लब काढला त्याच्या नावात 'कार्टून'च होतं. मग 'जॅपॅनिमेशन' आलं. त्यातला 'जॅप' ही तिथे युद्धकाळातली शिवी, त्यामुळे ते नाव टिकलं नाही. नव्वदच्या दशकापर्यंत 'अनिमे' पक्का झाला. फक्त अर्थ उलटला. जपानीत तो परका शब्द होता आणि जगभरातल्या चित्रांना लागू होता. इंग्रजीत तो जपानी शब्द झाला आणि फक्त जपानी चित्रांना लागू झाला. माझी पोरं जी व्याख्या घेऊन येतात ती ही, तोक्योची नव्हे.

आपण तर अनिमे बघत होतो तेव्हा आपल्याला पत्ताही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी लागणारा मोगली आठवतोय ना? गुलजारांचं गाणं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. त्या आवाजामुळे आमच्या वाड्यातली पोरं शेरखानला 'नाना' म्हणायची. ती मालिका निप्पोन ॲनिमेशनची, जपानमध्ये १९८९ला लागलेली, बावन्न भागांची. मूळ गोष्ट इंग्रजाची, जंगल मध्य भारतातलं, चित्रं जपानी आणि डरकाळी मराठी.

आणि 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'. साको युगो हा जपानी माणूस उत्तर प्रदेशात उत्खननावर माहितीपट करायला आला आणि रामायणाने झपाटून गेला. आपल्याकडून ॲनिमेशनवाले राम मोहन त्याच्या जोडीला. पण आपल्याकडे सूर निघाला की रामायण हा काही 'कार्टून'मध्ये दाखवायचा विषय नाही, आणि चित्रं काढण्याचं बरंचसं काम जपानमध्ये झालं. १९९२ साली चित्रपट पुरा झाला. जानेवारी २०२५मध्ये तोच पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा बातम्यांत त्याला 'अनिमे' म्हटलेलं होतं आणि तक्रार ऐकू आली नाही. चित्रं तीच होती.

हल्ली वर्गात नवा वाद असतो, चिनी मालिकांचा. त्यांना पोरं 'दोंगह्वा' म्हणतात आणि तो अनिमे नव्हे हे मला दटावून सांगतात. मी फळ्यावर दोन चित्राक्षरं काढते आणि चिनी उच्चार वाचायला लावते: दोंगह्वा. मग तीच जपानीत वाचायला लावते: दोगा. क्षणभर शांतता, आणि मग नवी भांडणं.

मराठीत आपण काय म्हणावं? वर्तमानपत्रांत कधी 'सचेतनपट' दिसतो, कधी 'ॲनिमेशनपट'. माझ्या हिशेबाने पाहिलं तर पैसे देणारा नाव ठेवतो, आणि मराठीत अजून कोणी पैसे दिलेलेच नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये 'डीमन स्लेअर' हा जपानी चित्रपट पुण्यात भरगच्च चालला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठी नाही. तेव्हा नाव अधांतरी. नुसतं नाव नाही, लिंगसुद्धा. वर्गात मुलगे 'तो अनिमे' म्हणतात, सिनेमाच्या चालीवर. मुली 'ती' म्हणतात, मनात सिरीज असते. मी व्याकरणाला धरून 'ते' म्हणते. एकारान्त आहे, तळे, गाणे, केळे ह्यांच्या पंगतीतलं. हे एकदा फळ्यावर लिहून समजावून सांगितलं, तर मागच्या बाकावरून नाशिककडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग बोलताना तळं, गाणं, केळं. तसंच अनिमं?"

पुढच्या तासाला अर्धा वर्ग "नवीन अनिमं बघितलं का" म्हणत होता. अनेकवचन 'अनिमी' हेही त्यांनीच काढलं.